मुलाम्याखालचे लोखंड

गणपती उठले, पितृपक्ष सरला, घट बसले, की नवव्या दिवशी आमच्या अडाजणच्या घरात कपाटावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. खंडेनवमीला पाटावर मांडायच्या वस्तू तिच्यात असतात. सुरतेतल्या जुन्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. कोणाकडे पणजोबांची तलवार, कोणाकडे पाते हरवलेली नुसती मूठ, कोणाकडे विळी, कोयता आणि शिवणयंत्र. हल्ली मुले लॅपटॉपही आणून ठेवतात. आमच्याकडे तीन वस्तू होत्या: सरळ पात्याची एक तलवार, मुठीवर सोन्याची नक्षी असलेली एक कट्यार आणि आजोबांचे परवान्याचे पिस्तूल. पिस्तूल अर्थातच ट्रंकेत नसे. ते कुलपाच्या कपाटात असे आणि त्या एका सकाळपुरते पाटावर येई.

‘होत्या’ असे म्हणायचे कारण ऑगस्ट २००६. उकाईतून सोडलेले पाणी तापीत मावेना आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तीन दिवस काढले. उतरलो तेव्हा तळमजल्यावर गुडघाभर गाळ होता. ट्रंक उलटी होऊन दारामागे अडकली होती आणि लोखंडी कपाट आडवे पडले होते.

तलवार गाळातून काढली आणि फडक्याने पुसली, तर आरशासारखी लखलखली. बाबांनी १९८५च्या सुमारास ती निकेल करून आणली होती. ‘बघा, निकेलचे पैसे वसूल झाले,’ असे ते म्हणाले. पिस्तूल चामडी म्यानात होते. वरून काळे दिसले, म्हणून ते वाळत ठेवले. कट्यार मात्र आजीच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेली, चिखलाने माखलेली आणि तेलकट होती. तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नाही.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत हिशेब उलटा झाला. तलवारीच्या निकेलला देवीच्या फोडांसारखे फोड आले, ते नखाने निघू लागले आणि खाली खड्डे पडलेले तांबडे लोखंड दिसले. पिस्तूल चामड्यातून काढले, तेव्हा चामडे जिथे जिथे चिकटले होते, तिथे पोलाद कुरतडल्यासारखे झाले होते. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने ते उघडून पाहिले आणि नळीकडे बघून मान हलवली. कट्यारीवर मात्र पुसता येण्याजोगी तपकिरी भुकटी होती, बाकी काही नाही. मुठीवरची सोन्याची वेल जशीच्या तशी होती.

आम्हा भावंडांना तेव्हापासून एकच प्रश्न पडला आहे. सर्वांत चकचकीत वस्तू सर्वांत आधी का गेली आणि जिला कसलाही नवा मुलामा नव्हता ती कशी वाचली? त्याचे उत्तर शोधताना आम्ही प्लेटिंगच्या कारखान्यांत उभे राहिलो, जरीवाल्यांच्या ओट्यावर बसलो, जुनी पुस्तके चाळली. मग लक्षात आले, की लोखंडाला पाण्यापासून वाचवण्याची विद्या या शहरात पिस्तुलापेक्षा कितीतरी जुनी आहे.

सुरुवात चौक बाजारच्या किल्ल्यापासूनच होते. पोर्तुगीजांनी सुरत वारंवार जाळली, म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात, १५४०च्या दशकात, खुदावंद खानाने तापीच्या काठी हा किल्ला बांधला. त्याच्या भिंतींचे दगड लोखंडी आकड्यांनी एकमेकांत अडकवले आणि सांध्यांत वितळलेले शिसे ओतले, असे फार्सी इतिहासकार लिहून गेले आहेत. शाळेत हे वाचताना आम्हाला वाटे, की शिसे केवळ मजबुतीसाठी असेल. त्याचे दुसरेही काम असते. लोखंड गंजले की फुगते, गंजाला मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आतला आकडा फुगला की बाहेरचा दगड तडकतो. शिसे ओतले की आकड्यापर्यंत पाणी पोचत नाही. नदीच्या ओलीत उभ्या राहणाऱ्या भिंतीला ही युक्ती हवीच होती.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान याच भिंतींआड जाऊन बसला. शहर लुटले गेले, किल्ला मात्र हाती लागला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. सुरतेच्या पैशाचा त्यात मोठा वाटा होता असे सांगतात. त्या किल्ल्याच्या पायाचे चिरेही शिशात बसवले आहेत. सुरतेची ही युक्ती तिकडे गेली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, कारण शिशाचे सांधे तेव्हाच्या जगात अनेकांना ठाऊक होते. पण एक किल्ला नदीच्या काठी आणि दुसरा भर समुद्रात, आणि दोघांचा शत्रू तोच खारा वारा, एवढे साम्य खरेच आहे.

तलवारीला शिसे ओतता येत नाही. तिची तऱ्हा वेगळी. मराठ्यांना सरळ युरोपीय पाती आवडत. ती बंदरांतून आयात होत आणि इथल्या मुठीत बसवली जात. ‘फिरंग’ हे नावच त्याची साक्ष देते. आमची तलवार त्याच घराण्यातली. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत सोनगडला होते, आणि पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे ठाणे बसवल्यानंतर घाटावरून जी घराणी उतरली त्यांत तेही असावेत, एवढीच घरात आठवण आहे. या पात्यांना शिकलगार लागे. ‘सैकल’ म्हणजे घासून उजळणे, या अरबी शब्दावरून आलेले हे नाव आज महाराष्ट्रात आडनाव म्हणून राहिले आहे आणि धंदा जवळजवळ गेला आहे. शिकलगार पाते घासून इतके गुळगुळीत करी की पाण्याला बसायला जागाच राहू नये. खरबरीत पृष्ठभागावर दव धरते आणि गुळगुळीतावरून ते ओघळते, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत होते. मग वर तेलाचा हात. कोणी तिळाचे लावी, कोणी खोबरेल. म्यानाच्या आत लाकूड असे, चामडे फक्त बाहेरून.

हे शेवटचे वाक्य आमच्या आजोबांना कोणी सांगितले असते तर! चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरतात, आणि ओल धरण्यात तर चामड्याचा हात कोणी धरणार नाही. शस्त्र चामड्यात घालून ठेवणे म्हणजे ओल्या फडक्यात मिठाचा खडा घालून गुंडाळण्यासारखे आहे. पिस्तुलाचे चामडी म्यान हे कमरेला लावून फिरण्यासाठी असते, कपाटात साठवण्यासाठी नव्हे. आमच्याकडे ते तीस वर्षे कपाटात त्यातच राहिले. पूर फक्त शेवटचा धक्का होता.

कट्यारीच्या मुठीवरचे काम कोफ्तगिरीचे. पोलादावर बारीक उभ्या-आडव्या रेघांचे जाळे कोरायचे, त्यावर सोन्याची तार नक्षीप्रमाणे बसवून हळूहळू ठोकायची, तापवायची आणि अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायची. तार त्या दातेरी जाळ्यात रुतून बसते. मधल्या मोकळ्या पोलादाला उष्णतेने निळसर-काळी छटा देतात, म्हणजे सोने उठून दिसते. ती काळी छटा नुसती शोभेची नाही. योग्य रीतीने तापवलेल्या पोलादावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तो तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. हे लक्षात ठेवा, पिस्तुलाची गोष्ट इथूनच निघते.

मराठीत या सगळ्याला चांगले शब्द आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. भांड्याला कल्हई, दागिन्याला मुलामा, बाजारू दागिन्याला गिलिट. कल्हईवाला दारात यायचा तेव्हा आजी पितळेची पातेली रांगेत मांडायची, आणि नवसागराचा धूर नाकात गेला की आम्ही खोकत पळायचो. कथिल पितळेवर बसले की आंबट आमटी कळकत नाही. मुलामा मात्र आधी रूप बघतो आणि मग रक्षण. गिलिट तर फक्त रूपच बघते.

मुलाम्याच्या बाबतीत सुरतेला कोणी शिकवायची गरज नव्हती. इथल्या जरीचे जुने तंत्र असे: चांदीची कांब घ्यायची, तिला ‘पासा’ म्हणतात, तिच्यावर सोन्याचा पत्रा लपेटून तापवायचे आणि मग क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ती ओढत न्यायची. चांदी ताणली जाते, तिच्याबरोबर सोनेही ताणले जाते, आणि केसासारखी तार झाली तरी सोने वरच राहते. ती तार चपटी केली की बादला, आणि तो रेशमावर गुंडाळला की कसब. राणा समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या हे काम केले. येवल्याच्या पैठणीच्या पदरात जी जरी झळकते ती बहुधा सुरतेची असते, हे आपल्या बायकांना पुरुषांपेक्षा चांगले ठाऊक आहे. २०१०मध्ये सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज सोने पत्र्याने लपेटत नाहीत. तयार धागा सोन्याच्या सायनाइड द्रावणातून नेतात आणि विजेच्या प्रवाहाने सोने बसवतात. नकली जरीत तर आत तांबे, त्यावर विजेने बसवलेली चांदी आणि वर सोनेरी लाख.

ही विजेची युक्ती आली बर्मिंगहॅमहून. विजेच्या प्रवाहाने द्रावणातून किती धातू सुटेल याचे नियम फॅरेडेने १८३०च्या दशकात मांडले. १८४०मध्ये एल्किंग्टन चुलतभावांनी सायनाइडच्या द्रावणातून सोने-चांदी चढवण्याचे पेटंट घेतले. बर्मिंगहॅम हे शहर सुरतेचे मावसभाऊ म्हणावे असे. तिथेही मोठ्या गिरण्यांपेक्षा गल्लीबोळांतले छोटे कारखाने जास्त. बटणे, निबे, दागिने आणि बंदुका. आजोबांचे पिस्तूल तिथलेच होते, वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे पॉइंट बत्तीस बोअरचे. १९११मध्ये लंडनच्या पोलिसांनी हेच पिस्तूल घेतले होते, आणि भारतात परवान्यावर ते पुष्कळांकडे असे.

गायकवाडांचे नाव निघालेच आहे तर एक अवांतर. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवून घेतल्या आणि त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या. दारूचा मार खायला आत पोलादी नळी, बाहेर सोने. लोखंडाला गंजापासून वाचवण्याचा एवढा महागडा उपाय जगात दुसऱ्या कोणी केला नसेल. आजी ही गोष्ट सांगताना म्हणायची, सोने गंजत नाही हे खरे, पण चोर गंजापेक्षा लवकर येतो.

आता पिस्तूल. तलवारीला एकच शत्रू, ओल. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाला दोन. गोळी सुटली की वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस फेकते, स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधून नवी गोळी उचलते. दर बाराला पोलाद पोलादावर घासते. म्हणजे वरचा थर ओल अडवणारा हवा आणि झीज सोसणाराही हवा. शिवाय जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत एक प्रकारचे मीठच उरे, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे काय होते ते आपण जाणतो. तेल मीठ विरघळवत नाही. म्हणून जुने शिपाई आधी गरम पाण्याने नळी धूत आणि मगच तेल लावत. बंदूक पाण्याने धुवायची हे ऐकून आजोबांच्या मित्रांना हसू येई. आजोबांनी मात्र ते केले असते तर बरे झाले असते.

पिस्तुलाचा पहिला थर म्हणजे ब्लुइंग. जुनी पद्धत विलक्षण आहे. पोलाद मुद्दाम गंजवायचे, उकळत्या पाण्यात घालायचे म्हणजे तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, सैल भुकटी घासून काढायची आणि पुन्हा तेच, असे अनेकदा. गंजानेच गंज रोखायचा, काट्याने काटा काढावा तसा. पुढे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवून हे काम थोड्या वेळात होऊ लागले. वेब्लीचा तो खोल निळा-काळा रंग असा आलेला. दिसायला राजस, पण थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. ब्लुइंग स्वतः फारसे रक्षण करत नाही, ते तेल धरून ठेवते. तेल गेले की संरक्षणही गेले. नळीच्या तोंडाशी आणि कडांना जिथे आजोबांच्या पिस्तुलाचा रंग उडून पांढरे पोलाद दिसत असे, तिथे आम्ही लहानपणी बोट फिरवायचो. बोटाच्या घामात मीठ असते. त्या पांढऱ्या जागांची पहिली तांबूस टिकली बहुधा आमचीच.

दुसरा थर फॉस्फेटचा. १९०६ मध्ये कॉस्लेटने, तोही बर्मिंगहॅमचाच, लोखंड फॉस्फोरिक आम्लात उकळून त्यावर राखाडी खरबरीत थर बसवण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत पार्कर कंपनीने ते पुढे नेले, म्हणून शस्त्रांच्या जगात त्याला पार्करायझिंग म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या आधी निळ्या झळाळीत निघालेले अमेरिकेचे १९११ पिस्तूल दुसऱ्या महायुद्धात या मातकट राखाडी रंगात दिसते. शोभेचा पत्ता नाही, पण त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरते आणि चमक नसल्यामुळे दुरून दिसत नाही. मुलाम्याच्या इतिहासात सुंदरपणा सोडून देण्याचा हा पहिला प्रसंग असावा.

निकेल याच्याही आधीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निकेलचे रिव्हॉल्व्हर फार लोकप्रिय होते. आणि इथे आमच्या तलवारीचे रहस्य आहे. लोखंडाच्या पत्र्यावर जस्त चढवतात तेव्हा जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त त्याच्यासाठी जीव देते. निकेलचा स्वभाव उलटा. ते लोखंडापेक्षा कमी विरघळणारे. थर अखंड असेपर्यंत उत्तम, पण सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि त्यात ओल शिरली, की निकेल आणि लोखंड मिळून एक छोटी बॅटरी तयार होते आणि लोखंड नेहमीपेक्षा वेगाने खाल्ले जाते. बाहेरून आरसा, आत वाळवी. बाबांनी ज्या कारखान्यात तलवार दिली होती, तिथे बाइकचे सुटे भाग आणि कुलपे चमकवली जात. तांब्याचा आधीचा थर दिलाच नसावा, किंवा दिला तो नावाला. विजेने बसवलेला थर कडांवर जाड आणि खोलगट जागी पातळ बसतो, आणि मुठीच्या सांध्यात तर जवळजवळ नसतोच. पुराचे पाणी नेमके तिथूनच शिरले.

त्याहून मोठे नुकसान २००६च्या खूप आधी झाले होते, ते आम्हाला उशिरा कळले. निकेल चढवण्यापूर्वी त्या माणसाने पाते बफिंगच्या चाकावर धरले आणि त्यावरच्या शतकांच्या खुणा, एखादा शिक्का असलाच तर तोही, पुसून टाकला. मग आम्लात बुडवले. कडक पोलाद आम्लात बुडवले की हायड्रोजन त्याच्या आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. जाणकार प्लेटिंगनंतर ते काही तास साधारण दोनशे अंशांवर भाजून तो हायड्रोजन बाहेर काढतात. कुलपाला याची गरज नसते, तलवारीला आणि पिस्तुलाच्या स्प्रिंगला असते. बाबांचा हेतू चांगलाच होता. खंडेनवमीला तलवार चमकावी एवढेच त्यांना हवे होते, आणि वीस वर्षे ती चमकलीही.

निकेलचा हा खोड्याळपणा कमी करायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक वाट सापडली. वॉशिंग्टनच्या मानक संस्थेत ब्रेनर आणि रिडेल हे पोलादी नळ्यांच्या आतल्या अंगाला विजेने थर देण्याचे प्रयोग करत होते. द्रावणात हायपोफॉस्फाइट घातले, तेव्हा जिथे वीज पोचत नव्हती त्या बाहेरच्या बाजूवरही निकेल बसलेले दिसले. १९४६मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. विजेशिवाय, नुसत्या गरम द्रावणात, रासायनिक क्रियेने बसणारा हा थर खाचखळग्यांत, नळीच्या आत, सर्वत्र सारख्या जाडीचा बसतो. त्यात निकेलबरोबर थोडा फॉस्फरस असतो. फॉस्फरसऐवजी बोरॉनची संयुगे वापरली की निकेल-बोरॉन मिळते.

निकेल-बोरॉन आज सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांच्या स्लाइडवर, नळीवर आणि आतल्या घासणाऱ्या भागांवर देतात. रंग फिकट, किंचित पिवळसर चांदीचा. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गाठीगाठींचा दिसतो. दोन पृष्ठभाग फक्त त्या गाठींच्या टोकांवर टेकतात, म्हणून घर्षण कमी, आणि भाजल्यावर हा थर हार्ड क्रोमइतका कठीण होतो. जळक्या दारूची काजळी त्यावर घट्ट चिकटत नाही, फडक्याने निघते. पण एक गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात. झीज सोसण्यात तो पटाईत असला, तरी गंज रोखण्यात भरपूर फॉस्फरस असलेले निकेल त्याच्यापेक्षा भरवशाचे. आणि शेवटी तेही निकेलच. छिद्र पडले तर त्याचा स्वभाव आमच्या तलवारीवरच्या थरासारखाच. राजस्थानच्या कोरड्या हवेत आणि डुमसच्या किनाऱ्यावर एकाच थराला एकच शाबासकी देता येणार नाही.

यातून सुटायची आणखी एक वाट ऑस्ट्रियात निघाली. १९८२ मध्ये तिथल्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल स्वीकारले. त्याचा सांगाडा प्लास्टिकचा, म्हणजे गंजण्याचा प्रश्नच नाही. स्लाइडवर मात्र वर काही चढवण्याऐवजी पोलादाच्या अंगातच नायट्रोजन आणि कार्बन मुरवला. वरचा काळा रंग उडाला तरी खालचे कडक, गंजाला न जुमानणारे कातडे शाबूत राहते. आमच्या मते या शंभर वर्षांतला सर्वांत शहाणा विचार हाच. जो थर वेगळा नाही तो सुटणार कसा?

आपल्याकडे सैन्य आणि पोलिस वर्षानुवर्षे वापरत आले ते इच्छापूरच्या कारखान्यातले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरचा भारतीय अवतार. २०२१च्या जानेवारीत ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये पुण्याच्या एआरडीईबरोबर ते चार महिन्यांत तयार केले. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. लोखंड जितके कमी, तितकी गंजाची चिंता कमी, हा जुनाच हिशेब नव्या वस्तूंनी मांडलेला.

राहता राहिली कट्यार. तिला निकेल नव्हते, बोरॉन नव्हते. आजी दर अमावास्येला ती बाहेर काढी, आधी जुने तेल कोरड्या पंच्याने पूर्ण पुसून टाकी आणि मग खोबरेलाचा नवा हात देई. आम्हाला वाटे, तेलावर तेल लावले तर काय बिघडते? बिघडते. खोबरेल जुने झाले की खवट होते, म्हणजेच आम्ल होते, आणि मग ज्याने वाचवायचे तेच चावू लागते. आजीला रसायनशास्त्र येत नव्हते, खवट वास येत होता. दुसरी गोष्ट, खंडेनवमीला ती हळद-कुंकू कट्यारीवर न वाहता शेजारच्या विड्याच्या पानावर वाही. पिस्तूल आणि तलवार मात्र पुरुषांच्या ताब्यात होती, आणि त्यांच्यावर आम्ही ओली झेंडूची फुले, अक्षता, हळद-कुंकू भरभरून वाहत होतो आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर उचलत होतो. ओले फूल रात्रभर पोलादावर राहिले की पाकळीच्या आकाराचा डाग पडतो. तसा एक डाग पिस्तुलाच्या स्लाइडवर पुराच्या आधीपासून होता, आणि बाबा तो देवीचा प्रसाद समजत.

पिस्तूल बाबांनी रीतसर जमा केले. तलवारीचे उरलेले निकेल आम्ही काढलेले नाही. एका संग्रहालयातल्या जाणकारांनी सांगितले, की आता आणखी आम्ल नको, घासणे नको, सैल पापुद्रे तेवढे काढा, कोरडे ठेवा, मेणाचा पातळ हात द्या. तसे केले आहे. ती आता चमकत नाही.

आजी २०१२ मध्ये गेली. अमावास्येचे काम आमच्या धाकट्या बहिणीकडे आले आहे. खोबरेलाऐवजी ती शिवणयंत्राचे तेल वापरते, बाकी क्रम तोच: आधी जुने पुसायचे, मग नवे लावायचे. ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि पावसाळ्यात त्या दोनदा बदलतात. पंचा मात्र आजीचाच आहे. त्यावर तेलाचा एक तपकिरी डाग पडला आहे, मुठीपासून टोकापर्यंत अगदी कट्यारीच्या आकाराचा, आणि कट्यार दर वेळी त्याच डागावर ठेवून गुंडाळायची, अशी आमच्या घरची रीत झाली आहे.